पाणी सुटलेलं मांस

थोरल्यानं काउंटरवरचा ट्रे उचलला, तिरका केला आणि त्यात साचलेलं गुलाबी पाणी सावकाश, धार धरून, धाकट्याच्या उजव्या बुटावर ओतलं. दुकान भरलेलं होतं. एक जाडशी बाई फस्सकन हसली, मग आपण हसायला नको होतं असं वाटून पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधत बसली. "तुझं तुला परत," थोरला म्हणाला. "मला पाणीच विकायचं असतं तर नळ बसवला असता. रोज सुऱ्यांना धार कशाला लावली असती?" आणि गिऱ्हाइकांकडे वळून, फडक्याला हात पुसत, "हे आमचे धाकटे बंधू. मोठे शास्त्रज्ञ. डुकरांची लग्नं जुळवतात. सुना भारी आणतात, पण नातवंडं ही अशी निघतात." त्यानं मांसाचा एक तुकडा उचलून दाखवला. फिकट, ओला, आजारी माणसाच्या तळहातासारखा. त्यात अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. आता मात्र सगळेच हसले, आणि त्या बाईनंही पर्समधून तोंड बाहेर काढून हसून घेतलं. धाकट्यानं बुटाकडे पाहिलं. पाणी लेसांच्या भोकांतून आत चाललं होतं. खरं तर तो वहिनीच्या सांगण्यावरून आला होता. उद्या सकाळी थोरल्याचं हर्नियाचं ऑपरेशन, आणि हा बाबा अजून अख्खी धडं खांद्यावर घेऊन शीतघरातून दुकानात आणतोय. भावजी, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, असं ती फोनवर म्हणाली होती. थोरल्यानं धाकट्याचं कधी काही ऐकलंय असा प्रसंग तिनं कुठे पाहिला, देव जाणे. "उद्या लवकर जायचंय. आता उचलाउचल बंद कर," धाकटा म्हणाला. "झालं सांगून?" थोरला म्हणाला. "मग सर बाजूला. मागे लोक खोळंबलेत."

बसमध्ये उजवं पाऊल प्रत्येक धक्क्याला आत पचपचत होतं. धाकट्याला माणसं आवडत नसत, पण त्यांची मापं घ्यायची त्याला खोड होती. समोरच्या दांडीला लटकलेल्या तरुणाचे खांदे उत्तम, कंबर मात्र वाया गेलेली. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याच्या मानेवर हाताचा पंजा मावेल एवढी चरबी. कंडक्टर सगळाच हाडांचा, त्याला कुणी फुकटसुद्धा नेला नसता. असं सगळ्या बसची प्रतवारी लावून झाली की त्याला जरा बरं वाटायचं. आज वाटलं नाही. कारण थोरला जे म्हणाला त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. ते मांस तो नोकरी करायचा त्या डुकरांच्या पैदास केंद्रातल्याच एका नराच्या बीजाचं होतं. त्या नराला तो नावानं नाही तरी पाठीवरून ओळखायचा. पाठ अशी रुंद की वर चहाचा ट्रे ठेवून चार जणांना बोलवावं, आणि मागच्या मांड्या एवढ्या की बिचाऱ्याला बसताना विचार करून बसावं लागे. ह्या मांड्यांमागे एक चूक होती. स्नायूच्या प्रत्येक पेशीत एक बारीकसं दार असतं, ते उघडलं की कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आवळतो, मिटलं की सैल पडतो. ह्या वाणात त्या दाराची बिजागरी सैल. जनावर नुसतं उभं असलं तरी दार किलकिलं राहतं, स्नायूला कायम व्यायाम घडतो आणि मांस चढतं. पण त्याला ट्रकमध्ये कोंबलं, ओरडलं, काठी लावली, की दार उघडतं ते मिटतच नाही. अंग आतल्या आत पेटतं. कापल्यावरही तासभर मांस गरम आणि आंबट राहतं आणि मग त्यातलं पाणी सुटत जातं. एकाच पालकाकडून आलं तर जनावर जगतं आणि भरपूर मांस देतं. दोन्हीकडून आलं तर मांस आणखी, पण जरा घाबरलं की जागीच खलास. धाकट्यानं संचालकांना किती वेळा सांगितलं होतं की हे मुळातून काढून टाकू. संचालक टाय सैल करत म्हणायचे, "एक प्रत राहू दे हो. लोकांना मांडी हवीय." लोकांना मांडी हवीय. बस वळणावर कलली आणि कुणाचं तरी कोपर त्याच्या बरगडीत बसलं. ह्या सगळ्यांना मांडी हवी होती.

आणि आमच्या घराण्यात काय वेगळं होतं, हा विचार त्याच्या डोक्यात त्या कोपराबरोबरच शिरला. बापाला मांड्यांचा अभिमान. स्वतःच्या, आणि पोरांच्या त्याहून. पाहुणे आले की तिन्ही पोरांना अर्ध्या चड्डीत ओळीनं उभं करायचं आणि एकेकाची मांडी चिमटीत धरून दाखवायची. धरा, धरा की, येते का चिमटीत? यायची नाही. पाहुणे मान डोलवत आणि बाप फुगत जाई. बापाच्या पोटऱ्या तर अशा होत्या म्हणे, की एकदा कुत्रं चावलं आणि कुत्र्याचाच दात राहिला. आई काडीसारखी, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "पुरे झालं, बाजार मांडलाय का?" तिला उन्हाळ्यात ह्या चौघांच्या अंगाजवळून जाववत नसे. काही न करता ह्यांची अंगं तापलेली, पायात गोळे आलेले, झोपेत पिंढऱ्या उडताहेत. ही ताकद, बाप म्हणायचा. धाकटा अंधारात आपल्या मांडीवर हात ठेवून पडायचा आणि कातडीखाली काहीतरी सरपटल्यासारखं थरथरायचं, आत कुणीतरी दुसराच झोपलाय आणि कूस बदलतोय असं. शेजारी मधला. त्याचंही थरथरत असणार. मधल्याचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बापानं डॉक्टरलाही मांडी धरून बघायला लावली होती.

त्या सकाळी मधल्याला काहीही खायला प्यायला द्यायचं नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीत तिघं भाऊ बाकावर बसलेले, आई आत, बाप बाहेर सिगारेट ओढतोय. मधला म्हणाला, "घसा सुकलाय रे. एक घोट आण ना, कुणाला कळणार नाही." धाकट्यानं नळाखाली ग्लास धरला, मधल्यानं एक घोट घेतला, खरोखर एकच, आणि उरलेलं झाडाच्या कुंडीत ओतलं. थोरल्यानं पाहिलं. थोरला तेव्हा काही बोलला नाही, आणि हे धाकटा आजवर विसरला नव्हता, की तो तेव्हा बोलला नाही. मधल्याला आत नेलं. दार पुरतं लागत नव्हतं. फटीतून धाकट्याला दिसलं ते एवढंच: टेबल, कुणाचे तरी हात, काळा रबरी मास्क, आणि मधल्याचे पाय. पाय हळूहळू सरळ झाले. मग आणखी सरळ झाले. अंगठे ताणून ताणून पुढे गेले, जणू तो कुठल्यातरी उंच फळीवरचं काही पायानं काढायला बघतोय. आत कुणीतरी ओरडलं की जबडा उघडत नाहीये. मग दार लावून घेतलं. बाहेर आणलं तेव्हा आईनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. "गेलेल्या पोराचं अंग एवढं गरम कसं?" तिनं विचारलं. बापानं डॉक्टरची काच फोडली. आणि मग थोरला बोलला. ह्यानं त्याला पाणी दिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी दिलं.

झालं. एवढं कारण मिळाल्यावर दुसरं कोण शोधत बसतो? बापाला मांड्यांचा अभिमान तसाच ठेवता आला, डॉक्टरला आपली मान सोडवता आली, आणि घरात ते वाक्य खुंटीवरच्या कोटासारखं कायमचं लटकत राहिलं, ज्याला हवं त्यानं काढावं आणि घालून फिरावं. थोरला सगळ्यात जास्त फिरला. घरात चार माणसं जमली आणि धाकट्यानं कुणाला पाण्याचा ग्लास दिला की तो हसत हसत म्हणायचा, "बघून प्या हो. ह्याच्या हातचं आहे." लोक हसायचे. काहींना गोष्ट ठाऊक असायची, काहींना नसायची, पण हसायचे सगळे. आई असेपर्यंत ती उठून आत जायची. धाकट्यानं पुढे पुढे कुणाला पाणी द्यायचंच सोडलं. घरी आलेला माणूस तहानेनं कासावीस झाला तरी हा म्हणायचा, तिकडे आहे, घ्या.

नोकरी लागली तेव्हा केंद्रात ती चूक रक्तातून ओळखायची तपासणी आलेली नव्हती. मास्क होता. एकेक पिल्लू टेबलावर धरायचं, तोंडावर मास्क दाबायचा, भुलेची गोडसर वासाची वाफ सोडायची आणि पायांकडे बघत राहायचं. चांगली पिल्लं ओल्या फडक्यासारखी लोळागोळा होत. ज्यांच्यात ती चूक दोन्हीकडून आलेली असे त्यांचे मागचे पाय हळूहळू सरळ होत, मग आणखी सरळ. त्या क्षणी मास्क काढायचा, पाठीवर निळा पट्टा ओढायचा, पिल्लू बाजूला. मास्क काढायला उशीर झाला तर पिल्लू हातातच तापत तापत जायचं. पहिल्याच पिल्लाला धाकट्यानं उशीर केला. सोबतचा मदतनीस ओरडला, अहो काढा, काढा, पण धाकटा त्या पायांकडे बघत राहिला. त्यानं त्याच्या अंगाला हात लावला. गेलेल्या पिल्लाचं अंग एवढं गरम कसं, हे त्याला आता कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी तो शेडच्या मागे जाऊन हसला. रडला असता तर बरं दिसलं असतं, पण तो हसला. पाणी नव्हतं ते. पाणी कधीच नव्हतं. मग वाचून वाचून त्यानं पक्कं केलं: हेच माणसांतही असतं, आणि माणसांत तर एकाकडून आलं तरी पुरतं. त्यानं स्वतःचं रक्तही एकदा गुपचूप डुकरांच्या तपासणीत घालून पाहिलं. काही निघालं नाही, निघणारही नव्हतं. डुकरांत ती चूक एकाच जागी असते, माणसांत घराण्यागणिक वेगळ्या जागी. आणि हे सगळं त्यानं कुणालाही सांगितलं नाही. आधी बाप होता, त्याला सांगणं म्हणजे तुझ्याच मांड्यांनी पोर खाल्लं असं सांगणं. मग बापही गेला. मग थोरला उरला. थोरल्याला सांगायचं तर असं सांगायचं होतं की तो उघडा पडला पाहिजे, चार लोकांत, ट्रे हातात असताना. धाकटा त्या प्रसंगाची वाट बघत होता. वाट बघता बघता त्या गुपिताची त्याला गोडी लागली. दुकानात थोरला काहीही बोलला की हा मनात म्हणायचा, बोल. तुझ्या अंगात काय आहे ते मला माहीत आहे, तुला नाही.

घरी येऊन त्यानं बूट नळाखाली धरला. पाण्याचा गुलाबी रंग जाईना. फोन वाजला. वहिनी. "भावजी, उद्या याल ना? मला एकटीला धीर होत नाही. हे तर सकाळपासून खेकसताहेत. घाबरलेत, पण कबूल करतील तर शपथ."

"येतो."

"तुम्ही सांगितलंत का, उचलू नका म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"वहिनी, त्या डॉक्टरांना..." एवढं म्हणून तो थांबला. ओला बूट हातात जड लागत होता.

"काय डॉक्टरांना?"

"काही नाही. बूट धुतोय मी."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची भीती वाटायला हवी होती. वाटली ती फक्त उत्सुकता. दुकानदार, जाड, वय झालेला, उत्तम मांड्या, बापाचा वारसा अंगभर. मास्क लावला की कळेल. एवढी वर्षं त्यानं जे पाहिलं ते सगळं पिल्लांत पाहिलं. आता शेवटचं एक राहिलं होतं. आणि त्यात हा काहीच करणार नव्हता. नुसता उभा राहणार होता. नुसतं उभं राहणं हा कुठे गुन्हा असतो? थोरल्यानंही त्या दिवशी ओसरीत नुसतं पाहिलं होतं.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांबट खोली होती, पडदे लावून केलेल्या कप्प्यांची. थोरल्याला हिरवा झगा घातला होता आणि त्यात तो सोफ्याला खोळ चढवल्यासारखा दिसत होता. पांघरुणातून पावलं बाहेर आली होती. "आले का पंडित," तो म्हणाला. "बूट वाळला?" वहिनी म्हणाली, "आता तरी गप्प बसा हो." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा कपाळावर, बोलण्यात घाई नाही. शेवटचं कधी खाल्लं, कवळी आहे का, कसली ॲलर्जी, दम लागतो का. थोरला प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला भूल देताना कधी त्रास झालाय? आईवडील, भावंडं? कुणी दगावलंय?"

"नाही," थोरला म्हणाला.

तो लपवत नव्हता. धाकट्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं, हा लबाडी करत नाहीये. त्याच्या हिशेबी मधला भुलेनं गेलाच नव्हता. तो ह्या इथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातानं गेला होता. इतकी वर्षं ते वाक्य घासून घासून थोरल्यानं इतकं गुळगुळीत केलं होतं, की आता त्यावरून त्याचाच पाय घसरत होता. वहिनीनंही मान हलवली, नाही. तिनंही तेच ऐकलेलं. खोलीत हे ठाऊक असणारा एकच माणूस होता आणि तो नुसता उभा होता. आत कुठेतरी भांडी वाजल्यासारखा धातूचा आवाज झाला. धाकट्याला गंमत वाटत होती. आपल्याच तोंडानं 'नाही' म्हणाला. आपल्याच तोंडानं. मी काय करू? "मग काही काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा असा मास्क लावू, मोठा श्वास घ्यायचा, की झालं. बघा, घाबरण्यासारखं काही नाही." त्यांनी त्यांच्या ट्रॉलीवरचा मास्क उचलून थोरल्याच्या नाकातोंडावर नुसता धरून दाखवला. थोरल्यानं डोळे घट्ट मिटले. आणि पांघरुणाबाहेरची ती दोन जाड पावलं ताणली गेली. भीतीनंच ताणली, मास्कमध्ये वाफ नव्हती, काही नव्हतं. पण पाय सरळ झाले आणि अंगठे पुढे गेले.

धाकट्याचा हात पुढे गेला. त्यानं काही ठरवलं नव्हतं. पाय सरळ झाले की मास्क काढायचा, हे त्याच्या हाताला डोक्याच्याही आधी कळायचं, वर्षानुवर्षं तेवढंच त्यानं केलं होतं. त्यानं डॉक्टरीणबाईंच्या हातातून मास्क हिसकावला. वहिनी किंचाळली. मास्क हातात घेऊन तो उभा, आणि सगळे त्याच्याकडे बघताहेत, आणि आता काहीतरी बोलावं लागणार होतं. तो म्हणाला, "ह्याला भुलेची वाफ देऊ नका. आमचा एक भाऊ असाच गेला. टेबलावर. ताठला, तापला, जबडा उघडेना. मी दाराच्या फटीतून पाहिलंय." आणि मग, कारण तेवढ्यानं त्याचं समाधान होईना, "पाण्यानं नाही गेला तो. अंगातच आहे ते आमच्या. मी रोज डुकरांत बघतो." त्याच्या मनात आलं, हा मेला असता तर हे कुणाला ऐकवलं असतं? मेलेल्या माणसाकडून कबुली घेता येत नाही. तेव्हा जग बाबा, जग, आणि ऐक.

थोरल्यानं डोळे उघडले. "ऐकलंत ना?" तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "सख्ख्या भावाला डुक्कर म्हणायला सकाळी सकाळी दोन बस बदलून आलाय." पण त्या हसल्या नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी धाकट्याला आणखी पाचसहा प्रश्न विचारले, थोडक्यात, आणि त्याची उत्तरं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्या ट्रॉली ढकलत आत गेल्या, दोघातिघांशी बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या की वाफ द्यायची नाही, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू, जागेपणीच होईल सगळं. धाकट्याला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "तुमची शंका खरी असू शकते. खात्री करायची तर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून लांबच्या प्रयोगशाळेत तपासावा लागतो. त्यांना पटवा." धाकट्यानं लगेच पटवायला घेतलं. "माझ्या मांडीचा तुकडा?" थोरला म्हणाला. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या कापल्या, आता माझी काढून देऊ? आणि पिशवीत घालून नेणार कोण, तू? मला काही झालेलं नाही. मधल्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे." स्ट्रेचर दारातून आत गेलं.

ऑपरेशन छान झालं. इतकं छान, की आतून थोरल्याचा आवाज बाहेर येत होता. तो त्या लोकांना चांगला तुकडा कसा ओळखायचा ते शिकवत होता, आणि ते हसत होते. बाहेरच्या बाकावर धाकटा बसला होता. त्याचं डोकं आता अगदी स्वच्छ चालत होतं आणि त्या स्वच्छ डोक्याला हळूहळू दिसायला लागलं, की आपण काय करून बसलो. प्रयोग झालाच नव्हता. थोरला ताठला नाही, तापला नाही, जबडा उघडाच, बडबडतोय. वाफ दिलीच नाही म्हणून काही झालं नाही. पण काही झालं नाही एवढंच लोकांना दिसणार. एकच गोष्ट त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकली असती, थोरल्याचं ताठलेलं अंग, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं वाचवलं होतं. केंद्रात पाठीवर निळा पट्टा तरी ओढता यायचा.

थोरल्याला खोलीत आणलं तेव्हा त्याच्या गालांवर रंग होता. वहिनीनं धाकट्याकडे बघून डोळे टिपले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, आभारासारखं. दुकानातला हिशेबनीस आणि शेजारचे दोघं भेटायला आलेले. थोरल्यानं त्यांना सगळी हकिगत सांगितली, डॉक्टरीणबाई, मास्क, डुक्कर. "मग काय झालं?" हिशेबनिसानं विचारलं. "काय होणार? बघा ना, काही झालं का?" थोरला म्हणाला. "वाफ दिली नाही म्हणून नाही झालं," धाकटा म्हणाला. "बरं," थोरला म्हणाला, "म्हणजे नाही झालं." सगळे हसले. धाकट्याला ती बाई आठवली, पर्समध्ये तोंड घातलेली. मग थोरल्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "घसा सुकलाय," तो म्हणाला. "आता पाणी चालेल म्हणालेत ना?"

खोलीत पाण्याचा जग धाकट्याच्या सगळ्यात जवळ होता. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत त्यानं कुणाला पाणी दिलं नव्हतं. त्यानं ग्लास भरला, काठोकाठ, आणि पलंगाजवळ जाऊन पुढे केला. थोरल्यानं ग्लासाकडे पाहिलं, मग हिशेबनिसाकडे, मग शेजाऱ्यांकडे. धाकट्याला वाटलं, आत्ता घेईल. मग थोरला हसला. "तुझ्या हातचं नको बाबा," तो म्हणाला. "आत्ताच वाचलोय." वहिनी "अहो" म्हणाली, पण हसणाऱ्यांत ते बुडालं.

धाकटा ग्लास धरून उभा राहिला. मांडीत कातडीखाली काहीतरी सरपटलं आणि थांबलं. त्यानं ग्लास तोंडाला लावला आणि थोरल्याच्या डोळ्यांत डोळे घालून, हळूहळू, एकेक घोट, सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. जगात आणखी होतं. त्यानं ग्लास पुन्हा भरला, आणि तोही प्यायला.